विदर्भाच्या अंगणात थाई तुळस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्धा-यवतमाळकडच्या गावांतून लोक थाई तुळशीची रोपं घेऊन जातात आणि पंधरा दिवसांत फोन सुरू होतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. एक गोष्ट आधीच सांगते: आपल्याकडे हे झाड उन्हानं कमी आणि पाण्यानं जास्त मरतं. घाईत असाल तर प्रश्न 6 आणि 12 आधी वाचा, बाकीचं सवडीनं.

1. थाई तुळस म्हणजे नेमकी कोणती? आपली अंगणातली तुळसच ना?

नाही. अंगणातली तुळस म्हणजे ऑसिमम टेन्युइफ्लोरम. थाई तुळस म्हणजे ऑसिमम बॅसिलिकम. आपल्याकडे फालुद्यात ज्याचं बी घालतात तो सब्जा याच जातीचा, म्हणजे ही सब्जाची सख्खी बहीण आणि तुळशीची चुलत. पान लांबट, टोकाला निमुळतं, तुळशीच्या पानापेक्षा गुळगुळीत. खोड जांभळट, तुरा जांभळा. पान चुरगाळलं की सोप आणि चक्रीफूल यांच्या मधला वास येतो. थायलंडमध्ये हिला होरफा म्हणतात आणि ती हिरव्या करीत पडते. व्हिएतनाममध्ये फो नावाच्या सूपसोबत हिच्या डहाळ्या कच्च्याच ताटलीत ठेवतात. पिझ्झावर दिसणारी इटालियन बेसिल हिच्याच जातीची, पण तिचं पान मोठं, फुगीर आणि नाजूक असतं. आपल्या उन्हात ती लवकर मान टाकते, थाई जास्त तग धरते.

2. वृंदावनात लावली तर चालेल का? आणि घरातली माणसं म्हणतात, तुळस मटणात घालायची म्हणजे काय!

हा प्रश्न बहुतेक सुना विचारतात आणि आजी मागे उभ्या असतात. वृंदावनात लावू नका, तिथं आपली तुळसच राहू द्या. पूजेला, नैवेद्यावर, कार्तिकात तुळशीच्या लग्नाला हिचं काही काम नाही. आजीला एवढंच सांगा की हे सब्जाचं झाड आहे. ते खरंही आहे, आणि सब्जा सरबतात घालायला कुणाचीच ना नसते. कुंडी वृंदावनापासून लांब, स्वयंपाकघराच्या दाराकडे ठेवा म्हणजे घाईत कुणी चुकीच्या झाडाची पानं तोडणार नाही. थायलंडात खिम्यासोबत परततात ती मात्र खरोखर तुळशीच्याच जातीची असते. तो त्यांचा रिवाज. आपल्या घरात काय चालतं ते आपण ठरवायचं.

3. रोपाचं खोड जांभळं नाही, हिरवंच आहे. मला भलतंच रोप दिलं का?

लहान रोपात आणि सावलीत वाढलेल्या रोपात रंग फिका असतो. महिनाभर उन्हात राहू द्या. खात्री रंगावरून करू नका, वासावरून करा. सोपेसारखा गोडसर वास असेल तर थाई. लिंबाचा वास आला तर ती लिंबू तुळस, लवंगेसारखा झणका आला तर तुळशीचं किंवा रानतुळशीचं रोप हाती लागलंय.

4. बी कधी टाकायचं?

विदर्भात तीन वेळा जमतात, पण तिन्ही सारख्या चांगल्या नाहीत.

मृगाच्या सुमारास आडोशाला बी टाकून जुलैत रोप लावणं हा बहुतेकांचा शिरस्ता आहे, कारण शेतीची सगळी कामं तेव्हाच निघतात. रोप जोमात वाढतं, पण त्याला ऐन पावसाळा काढावा लागतो. दुसरी वेळ पोळ्यानंतरची. पाऊस ओसरतीला लागलेला, उन्हाची तिरीप पुन्हा दिसू लागलेली, हवा उबदार. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा लावणाऱ्यानं हीच वेळ धरावी. दसरा-दिवाळीत हातभर झाड आणि भरपूर पानं मिळतात. तिसरी वेळ महाशिवरात्रीच्या आसपास, रात्रीचा गारवा सरला की. मात्र उन्हं तापायच्या आत रोपानं मूळ धरलेलं हवं. एप्रिलात टाकलेलं बी उगवतं, पण कोवळं रोप दुपारी भाजून निघतं.

डिसेंबर-जानेवारीत बी टाकून वाट पाहत बसू नका. या बियांना उगवायला 20 ते 30 अंश तापमान लागतं.

5. बी टाकून पंधरा दिवस झाले, काहीच उगवलं नाही. बी खराब आहे का?

क्वचित खराब असतं. बहुधा ते खोल गाडलेलं असतं. हे बी मोहरीपेक्षा बारीक असतं आणि त्याला उजेड आवडतो. माती ओली करून सपाट करा, वरून बी भुरभुरा, बोटानं हलकं दाबा आणि चाळलेल्या शेणखताची अगदी पातळ भुकटी टाका, इतकी की बी जेमतेम झाकलं जाईल. झारीनं पाणी घालू नका, बी वाहून एका कोपऱ्यात जमा होतं. पंपानं तुषार मारा किंवा ट्रे पाण्याच्या परातीत ठेवून खालून ओल चढू द्या.

मेथी-धण्यासारखं रात्रभर भिजवायचंही नाही. सब्जासारखंच हे बी पाणी लागलं की गिळगिळीत होतं, एकमेकांना चिकटतं आणि मग पेरताच येत नाही. ओल्या मातीवर पडल्यावर प्रत्येक बियाभोवती निळसर-पांढरा थर दिसतो. बुरशी समजून फेकू नका, तो बियाचाच चीक आहे. उबदार हवेत पाच ते दहा दिवसांत दोन पानं वर येतात. चार-सहा पानं झाली की रोप हलवता येतं.

6. आमची काळी कपाशीची जमीन आहे. त्यात येईल का?

येईल, पण सपाट वाफ्यात नाही. काळी माती पाणी धरते, फुगते आणि चार दिवसांच्या झडीत मुळांना हवा मिळेनाशी होते. कपाशीचं मूळ खोल जातं, हिचं वरच्या वीतभर मातीतच पसरतं, म्हणून हिला आधी फटका बसतो.

गादीवाफा करा, निदान वीतभर उंच, आणि दोन्ही बाजूंनी पाणी निघून जाईल अशी सारणी काढा. त्यात चांगलं कुजलेलं शेणखत भरपूर मिसळा. नुसती रेती मिसळून काम होईल असं समजू नका. काळ्या मातीत थोडी रेती गेली की उन्हाळ्यात तिची वीट बनते. सैल करायचं काम खतच करतं. भंडारा-गोंदियाकडे तलावाचा गाळ सहज मिळतो, तोही आधी उन्हात वाळवून, फोडून, खतासोबतच वापरा, कारण नुसता गाळ घट्ट बसतो. दोन झाडांत फूटभर अंतर ठेवा, पावसाळी लागवडीत थोडं जास्त. दाटीत हवा खेळत नाही आणि पानांवर रोग येतो, त्याबद्दल प्रश्न 14 मध्ये आहे.

जागा निवडताना एकच पाहा: जोराचा पाऊस थांबल्यावर तासाभरानं जिथं पाणी साचलेलं दिसतं, तिथं लावू नका. न्हाणीच्या सांडपाण्याची जागा पुष्कळांना सोयीची वाटते. ती अळूला द्या.

7. कुंडी कोणती घ्यायची? तेलाचा पिपा चालतो का?

दहा-बारा इंच तोंडाची आणि तेवढीच खोल कुंडी एका झाडाला पुरते. मातीची कुंडी उत्तम. तेलाचा पिपा पावसाळ्यात-हिवाळ्यात चालतो, उन्हाळ्यात पत्रा तापून मुळं शिजतात. त्याला पोतं गुंडाळा किंवा तो भिंतीच्या सावलीत सरकवा. कोणत्याही भांड्याला बुडाशी चार-पाच भोकं हवीतच. कीटकनाशकाचा किंवा तणनाशकाचा डबा कितीही धुतला तरी वापरू नका. पानं खायची आहेत.

माती शेतातून आणली तशीच भरू नका. नुसती काळी माती कुंडीत वाळली की आकसते, कडेनं बोटभर फट पडते. मग तुम्ही तांब्याभर पाणी घालता, ते त्या फटीतून सरळ खाली जातं, बशीत साचतं. तुम्हाला वाटतं झाड पाणी प्यालं, आत गोळा कोरडाच असतो. एक भाग माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग रेती घ्या. फट पडलीच तर वरची माती खुरप्यानं हलवून बुजवा आणि त्या दिवशी पाणी दोनदा, थोडं थोडं घाला.

8. पाणी किती द्यायचं?

बोट एका पेरापर्यंत मातीत घाला. कोरडं लागलं तर द्या, ओलं लागलं तर नको. वाफ्यात हिवाळ्यात तीन-चार दिवसांनी पुरतं. कुंडीत मार्चपासून रोज आणि मेमध्ये सकाळ-संध्याकाळ लागतं. पाणी बुडाशी घाला. संध्याकाळी पानांवर शिंपडायची सवय सोडा, रात्रभर ओलं राहिलेलं पान रोगाला आमंत्रण देतं.

9. आमच्या बोअरचं पाणी खारं आहे. चालेल का?

अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातून हा प्रश्न नेहमी येतो. खारं पाणी या झाडाला मानवत नाही. आधी पानांच्या कडा करपतात, मग वाढ थांबते. कुंडीत हा त्रास जास्त, कारण पाणी उडून जातं आणि मीठ मातीतच राहतं. वरच्या मातीवर आणि कुंडीच्या बाहेरच्या अंगावर पांढरा थर दिसू लागला की समजा. जमेल तितकं पावसाचं पाणी टाकीत, पिपात साठवा. पिण्यासाठी नळयोजनेचं पाणी येत असेल तर त्यातलं तांब्याभर या झाडाला द्या. पावसाळ्यात कुंडी एक-दोन दिवस उघड्यावर ठेवून चांगली धुऊन निघू द्या, बशी मात्र काढून ठेवा.

आणखी एक: कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी फुकट जाऊ नये म्हणून लोक कुंड्यांना घालतात. पाणी उडत गेल्यावर टाकीत जे उरतं त्यात क्षार गोळा झालेले असतात. तुमचं पाणी मुळातच जड असेल तर ते कडुनिंबाला घाला, तुळशीला नको.

10. मे महिन्यात 45 अंशांत जगेल का?

जगते, पण तुम्ही तिच्याकडून पानांची फार अपेक्षा ठेवू नका. मार्चअखेरीपासून 50 टक्क्यांची हिरवी जाळी बांधा. जाळी नसेल तर पऱ्हाट्या-तुराट्यांचा छोटा मांडव करा, त्याची सावली जाळीपेक्षा कमी चांगली नसते. सकाळचं ऊन लागू द्या, अकरानंतरचं अडवा. बुडाशी सोयाबीनचं किंवा हरभऱ्याचं कुटार दोन बोटं जाड पसरा, फक्त खोडाला चिकटू देऊ नका. पश्चिमेची भिंत टाळा, ती रात्रीपर्यंत धग सोडत राहते.

दुपारी पानं लोंबली आणि संध्याकाळी आपोआप ताठ झाली तर काही बिघडलेलं नाही, दुपारी धावत जाऊन पाणी घालू नका. सकाळीही पानं लोंबलेलीच असतील तर मात्र तहान आहे. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, मोठी छाटणी करू नका आणि खतही देऊ नका. पहिला पाऊस पडल्यावर दोन्ही करा.

11. शेंडा कधी खुडायचा? फुलं येऊ द्यायची की काढायची?

रोप वीतभर झालं, पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की वरचा शेंडा खुडा. जिथं पानांची जोडी फुटते, त्याच्या लगेच वर. त्या जोडीच्या बगलेत दोन इवले कोंब आधीच दिसतात. शेंडा गेला की आठवडाभरात ते दोन्ही वाढू लागतात, एका फांदीच्या दोन होतात. पुन्हा त्या दोन्हींचे शेंडे खुडले की चार. उंच, किडकिडीत, वर तुरा आणि खाली उघडं खोड अशी झाडं ज्यांच्याकडे दिसतात, त्यांना झाडाची दया आलेली असते, एवढंच.

पानं सुटी सुटी तोडू नका, डहाळी तोडा. एका वेळी झाडाचा तिसरा हिस्सा, त्याहून जास्त नाही.

फुलांचं म्हणाल तर थाई तुळस इतर बेसिलपेक्षा लवकर तुऱ्यावर येते. पानं हवी असतील तर तुरा दिसताच दोन पेरं खाली कापा. तुरा पिकू दिला की नवी पानं बारीक आणि कडसर होतात आणि झाड आपलं काम संपलं असं समजतं. काढलेला तुरा कोवळा असेल तर खाता येतो. जागा असेल तर एखादं झाड फुलू द्या. मधमाश्या येतात, आणि अंगणात वांगी-भोपळा असेल तर त्यांनाही बरं.

12. ऐन पावसात झाड एका रात्रीत माना टाकते. पाणी तर भरपूर आहे, मग काहून?

पाणी भरपूर आहे म्हणूनच. साचलेल्या पाण्यात मुळं गुदमरतात, कुजतात आणि कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. त्यामुळे झाड तहानलेल्यासारखं दिसतं. लोक घाबरून आणखी पाणी घालतात आणि तिथंच खेळ संपतो. माती ओली आणि झाड लोंबलेलं असेल तर थेंबभरही पाणी देऊ नका.

बुडाशी माती जरा बाजूला करून पाहा. मुळं पांढरी, कडक असतील तर आशा आहे. सारणी मोकळी करा, कुंडी असेल तर विटेवर तिरकी ठेवून निथळू द्या, पावसाच्या आडोशाला न्या, वरचा तिसरा हिस्सा छाटा. मुळं तपकिरी असतील, बोटात धरताच साल निसटून आतला दोरा उरत असेल आणि कुबट वास येत असेल, तर झाडाचा नाद सोडा. त्याच्या वरच्या हिरव्या डहाळ्या मात्र लगेच कापून पाण्यात ठेवा. त्यातून नवी झाडं मिळतात, कृती प्रश्न 18 मध्ये आहे. ज्यांच्याकडे झड लांबते अशा गडचिरोली, गोंदिया, भंडाऱ्याच्या लोकांनी जुलै-ऑगस्टमध्ये निदान एक झाड तरी पडवीत, छपराखाली कुंडीत ठेवावंच.

13. शेजारच्या तुरीला मर लागली आहे. ती याला लागेल का?

तुरीची मर तुरीचीच असते आणि कपाशीची कपाशीची. हे रोग करणाऱ्या बुरश्या एकाच कुळातल्या असल्या तरी पिकागणिक वेगळ्या आहेत. बेसिलचीही स्वतःची मर आहे. तिच्यात झाड बऱ्याचदा एका बाजूनं सुकतं, शेंडा वाकतो आणि खोड उभं चिरलं की आत तपकिरी रेघा दिसतात. त्यावर औषध नाही. झाड मुळासकट उपटून जाळा, त्या जागी काही वर्षं सब्जा किंवा बेसिल लावू नका आणि त्याचं बी धरू नका, कारण रोग बियांतूनही जातो.

शेजारधर्माची खरी काळजी सूत्रकृमीची. वांगी, टमाटे, भेंडी उपटताना मुळांवर गाठी दिसल्या असतील तर तो वाफा हिला देऊ नका.

14. पानं पिवळी पडली. कोणतं खत टाकू?

खत टाकायच्या आधी कोणती पानं पिवळी आहेत ते पाहा. खालची जुनी पानं सरसकट पिवळी असतील तर नत्र कमी आहे, मूठभर गांडूळखत द्या. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह मिळत नाहीये. चुनखडीच्या जमिनीत हे नेहमीचं आहे. तिथं साधं हिराकस मातीत टाकून फारसा गुण येत नाही, कृषी केंद्रात मिळणारं चिलेटेड लोह पाकिटावरच्या प्रमाणात द्या आणि शेणखत वाढवा. सगळंच झाड फिकट आणि माती ओली असेल तर प्रश्न 12 वर जा.

चौथा प्रकार रोगाचा. पानावर शिरांच्या मधले चौकोनी पट्टे पिवळे पडतात. पान उलटून पाहा, सकाळच्या वेळी खाली राखाडी-जांभळट लव दिसली तर तो केवडा नावाचा रोग आहे. पावसाळ्याच्या शेवटी, दाट लागवडीत हमखास येतो. थाई तुळशीला इटालियनपेक्षा त्रास बहुधा कमी होतो, पण होतो. ती पानं खुडून पिशवीत भरून लांब टाका, खतखड्ड्यात नको. मधली एखादी ओळ काढून टाकली तर वारं खेळतं आणि बाकीची वाचतात.

15. पानांना भोकं पडली, शेंड्यावर चिकट आहे. काय फवारू?

भोकं अळीनं किंवा नाकतोड्यानं केलेली असतात. रात्री बॅटरी घेऊन पाहा, पावसाळ्यात गोगलगायीही सापडतात. हातानं वेचा. चार झाडांसाठी पंप खांद्यावर घ्यायची गरज नाही.

चिकटपणा माव्याचा किंवा पांढऱ्या माशीचा. कपाशी जवळ असेल तर पांढरी माशी येणारच. पाण्याच्या जोरदार धारेनं पानांची खालची बाजू धुवा, दोन दिवसांनी पुन्हा. उरलं तर निंबोळी अर्क: 50 ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर थोड्या पाण्यात भिजवा, फडक्यानं गाळा, एक लिटर करा, चिमूटभर साबण घाला आणि संध्याकाळी फवारा. नंतर आठवडाभर पानं खाऊ नका, चवच जाते. मे महिन्यात पानं धुळकट-ठिपकेदार आणि खाली बारीक जाळी दिसली तर लाल कोळी आहे, त्यालाही पाण्याची धारच बरी.

16. बाजूच्या वावरात कपाशीवर फवारणी झाली, वारं आमच्याकडेच होतं. पानं धुऊन खायची का?

नाही. कपाशीवरची बरीच औषधं आंतरप्रवाही असतात, पानात शिरलेलं पाण्यानं निघत नाही. औषधाच्या डब्यावर कापूस तोडणीआधी थांबायचे दिवस लिहिलेले असतात, ते कच्च्या खायच्या पानांना लागू पडत नाहीत. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं दगावली, तेव्हा या बाबतीत भीड धरायचं कारण नाही. फवारा सरळ झाडावर आला असेल तर झाड उपटून टाका, बकरीलाही घालू नका. नवं रोप महिना-दीड महिन्यात तयार होतं.

पानं पिळवटली, चमच्यासारखी वळली, खोड वेडंवाकडं झालं तर तो तणनाशकाचा झोत आहे. त्याचंही तेच करायचं. पुढच्या वर्षी लावताना झाड घराच्या वाऱ्याआडच्या बाजूला लावा आणि शेजाऱ्याला फवारणीच्या आदल्या दिवशी सांगायला सांगा. सांगितलं की लोक कळवतात, कुंडी दोन दिवस घरात घेता येते.

17. थंडीत पानं काळी पडली. रोग आहे का?

थंडी आहे. रात्रीचा पारा 10 अंशांच्या खाली उतरला की कोवळी पानं काळवंडतात, आणि नागपूर-गोंदियाकडे डिसेंबर-जानेवारीत तो उतरतोच. कुंडी दक्षिणेच्या भिंतीशी ठेवा, रात्री पोतं किंवा जुनं लुगडं टाका, सकाळी काढा. पाणी कमी करा आणि सकाळीच द्या. काळी पानं काढा पण छाटणी करू नका, संक्रांतीनंतर ऊब वाढली की नवी फूट येते.

18. एक झाड किती दिवस टिकतं? फांदीवरून रोप होतं का?

नीट सांभाळलं तर वर्ष-दीड वर्ष. मग खोड लाकडासारखं होतं आणि पानं बारीक येतात. ते वाचवत बसण्यापेक्षा फांदीवरून नवं करा. तुरा न आलेली बोटभर लांब डहाळी पेराखाली कापा, खालची पानं काढा, पेलाभर पाण्यात उभी करा. पान पाण्यात बुडू देऊ नका, पाणी दोन दिवसांनी बदला. आठवडा ते दोन आठवड्यांत पांढरी मुळं फुटतात. ती बोटाची दोन पेरं लांब झाली की लावा, पहिले काही दिवस सावलीत.

19. घरचं बी धरता येतं का?

येतं. तुरा खालून वर तपकिरी होत जातो. अर्ध्याहून जास्त वाळला की कापून कागदावर सावलीत वाळवा, हातानं चोळा, फुंकर मारून फोल उडवा. कोरड्या डबीत बी दोन-तीन वर्षं सहज टिकतं.

अडचण संकराची. मधमाशी सब्जाच्या फुलावरून हिच्यावर येते आणि दोन्ही एकाच जातीची असल्यानं पुढची रोपं मिसळलेली निघतात, वास ना धड सोपेचा ना धड सब्जाचा. गावात कुणाकडे सब्जा किंवा इटालियन बेसिल फुलत असेल तर बियाच्या भरवशावर राहू नका, फांदीवरूनच रोप करा. वृंदावनातल्या तुळशीची मात्र धास्ती नको, ती वेगळी जात असल्यामुळे सहसा मिसळत नाही.

20. हे बी सब्जा म्हणून सरबतात घालता येईल का?

घरच्या झाडाचं असेल तर हो, तसंच फुलतं. पाकिटातलं पेरणीचं बी कधीच नाही, त्याला बुरशीनाशक चोळलेलं असू शकतं.

21. घरच्या स्वयंपाकात कशात घालायची? आम्ही काही थाई जेवण करत नाही.

शेवटी घालायची, गॅस बंद करता करता. फार उकळली की वास उडतो, तरी इटालियन बेसिलपेक्षा ही उष्णता जास्त सोसते. सावजी रश्श्यात घालू नका, त्या मसाल्यापुढे हिचं काही चालत नाही, पानं वाया. हिला सौम्य जागा हवी: नारळाच्या दुधातली भोपळ्याची किंवा वांग्याची भाजी, लसूण-मिरचीवर परतलेलं अंडं, कोंबडीचा पातळ रस्सा, काकडी-दाण्याची कोशिंबीर. सांबार (कोथिंबीर) घालतो तसं मूठभर टाकू नका, चार माणसांच्या भाजीला आठ-दहा पानं पुरतात. कोवळ्या वांग्याचे काप, हिरवी मिरची, थोडा गूळ, लिंबू आणि वरून ही पानं, एवढं एकदा करून पाहा.

22. फ्रीजमध्ये ठेवली की काळी पडते. मग साठवायची कुठं?

थंडीचं तेच, जे प्रश्न 17 मध्ये सांगितलं. डहाळ्या फुलांसारख्या पाण्याच्या पेल्यात, स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवा. उन्हाळ्यात ओल्या फडक्यात सैल गुंडाळून माठाशेजारी. वाळवली तर वास निम्म्याहून जास्त जातो. जास्तच झाली तर तेलासोबत वाटून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, रंग काळपट होतो पण चव राहते.

23. खोकल्याला काढा करायचा का? गरोदरपणी चालते का?

काढ्याला आपली तुळस आहेच. ही चवीसाठी लावतात, मी औषध म्हणून कुणाला देत नाही. भाजीत पडतील इतकी पानं खायला हरकत नसते. हिच्या सोपेसारख्या वासामागे मिथाइल चॅव्हिकॉल नावाचं द्रव्य असतं, त्यामुळे बाजारात मिळणारं बेसिलचं तेल पोटात घेऊ नका. गरोदर बाईनं पानांचा रस-काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

24. एकरभर लावून नागपूरच्या हॉटेलांना विकली तर?

एकरभर नको. आधी गिऱ्हाईक, मग वाफा. थाई-चायनीज जेवण देणारी मोजकी हॉटेलं हिचे ग्राहक असतात. त्यांना आठवड्यातून दोन-तीनदा थोडी, पण बारा महिने लागते. पोळ्यानंतर गाडीभर आणि जानेवारीत शून्य असा माल त्यांच्या कामाचा नाही. दोन-चार हॉटेलांच्या स्वयंपाक्यांना जुडी नेऊन दाखवा, किती आणि कोणत्या दिवशी लागेल ते विचारा. मग पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतरानं छोटे वाफे लावा आणि थंडीसाठी प्लास्टिकखालचा एक वाफा वेगळा ठेवा. कापणी सकाळी, दव सुकल्यावर. जुड्या ओल्या गोणपाटात उभ्या ठेवून न्या. बर्फावर ठेवल्या तर पोचेपर्यंत काळ्या पडतात आणि स्वयंपाकी त्या परत करतो.